नोंदींचे कप्पे आणि त्यांची मर्यादा



संगणकावरील नोंदींचा विषय निघाला, की जागा किती उरली एवढेच आपण विचारतो. परंतु जागा मुबलक असूनही नोंद नाकारली जाते, असा एक प्रकार आहे. आणि तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या आज्ञावलीतच उद्भवतो.

असे समजा की, एका रुग्णालयात प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र फोल्डर आहे आणि ते सारे एकाच मोठ्या फोल्डरात ठेवले आहेत. लिनक्सच्या ईएक्सटी ३ या मांडणीत एका फोल्डरात ३१,९९८ उपफोल्डर मावतात. रोज दहा नवे रुग्ण धरले, तर पावणेनऊ वर्षांनी एके सकाळी ३१,९९९ वा रुग्ण दारात उभा राहतो आणि त्याच्या कागदांना घर मिळत नाही. कारकून बिचारा डिस्क तपासतो, तो ती अर्धी रिकामी! यंत्र मात्र ‘दुवे फार झाले’ एवढेच म्हणते.

हा आकडा आला कोठून? प्रत्येक उपफोल्डरात आपल्या वडिलांकडे बोट दाखविणारी एक नोंद असते, आणि अशा बोटांची मोजदाद वडील ठेवतात. ती ३२,००० वर थांबते. दोन त्यांची स्वतःची, उरली ती मुलांची. साध्या फाइली वडिलांकडे बोट दाखवीत नाहीत, म्हणून त्यांना हे बंधन नाही. पुढे ईएक्सटी ४ ने ते सैल केले खरे. पण चालते यंत्र बदलायला धजावतो कोण?

उपाय सोपा आहे. रुग्णक्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवरून शंभर कप्पे करावेत. पहिल्या अंकांवरून केले, तर चालू क्रमांक एकाच कप्प्यात साचत जातात. २००५ साली निघालेल्या गिटने हेच तत्त्व वापरून २५६ कप्पे केले; मात्र त्याची नावे मुळातच विखुरलेली, म्हणून त्याला पहिली दोन अक्षरे पुरतात.

आपल्या मराठीचाही येथे संबंध येतो. एफएटी ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर एका फोल्डरात ३२ बाइटांच्या ६५,५३६ ओळी मावतात. देवनागरीतले वीस चिन्हांचे नाव, काना-मात्रा धरून, तीन ओळी खाते. म्हणजे साडेएकवीस हजारांच्या पुढे थोड्याच नावांनी ती प्रत अडते. तेव्हा फोल्डराला क्रमांक द्यावा, नाव आत लिहावे; आणि कप्पे करण्यापूर्वी जुन्या नोंदींत पूर्ण पत्ते कोठे कोठे लिहून ठेवले आहेत, ते आधी शोधावे.