८० टक्के सूट परवडते कशी?

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, आज आकडे आहेत.

डोंबिवली पूर्वेला उतरा किंवा कल्याण पश्चिमेला, आणि स्टेशनपासून मेडिकलच्या पाट्या वाचत चला. ‘१५ टक्के सूट’, ‘२० टक्के सूट’, जेनेरिकवाल्याकडे तर ‘८० टक्क्यांपर्यंत’. भाजीवाला जुडीमागे दोन रुपये सोडत नाही, आणि हा ८० टक्के सोडतो? मग ती छापील किंमत होती तरी कसली?

प्रश्न गमतीचा नाही. घरात एकाला शुगर आणि एकाला बीपी असेल, तर औषधाचं बिल वीजबिलासारखं दर महिन्याला येतं. फरक एवढाच की वीजबिल जास्त आलं की आपण महावितरणच्या ऑफिसात जाऊन भांडतो. मेडिकलमध्ये गुपचूप क्यूआर स्कॅन करतो.

थोडा कायदा बघू. कंटाळवाणा आहे, पण खरी गोम तिथेच आहे. केंद्र सरकारची अत्यावश्यक औषधांची यादी असते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्यांची कमाल किंमत एनपीपीए ही संस्था ठरवते, २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार. पूर्वी किंमत ठरवताना गोळी बनवायला खर्च किती येतो ते बघत. २०१३ पासून बाजारभाव बघतात. ज्या ब्रँडांचा बाजारातला वाटा किमान १ टक्का आहे, त्यांच्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के लावायचे. समजा तीन ब्रँड आहेत, एक ३ रुपयांना, एक ८ ला, एक १० ला. सरासरी ७, वर १६ टक्के, म्हणजे ८ रुपये १२ पैसे. तीन रुपयांत गोळी बनवून, विकून नफाही कमावता येतो हे बाजारात दिसतंय, तरी कायद्याची मर्यादा ८ च्या वर. १० वाल्याला खाली यावं लागतं, हे खरं. पण ही सरासरी मुळात महाग ब्रँडमुळेच वर गेलेली असते.

यादीबाहेरच्या औषधांची वर्षाला १० टक्क्यांपर्यंत किंमत वाढवायला मुभा आहे. यादीतल्यांची वाढ घाऊक महागाई निर्देशांकाला बांधलेली. आता गंमत ऐका. २०२३ च्या एप्रिलमध्ये हा निर्देशांक १२.१२ टक्के निघाला. म्हणजे नियंत्रण नसलेल्या औषधाला १०, आणि नियंत्रण असलेल्याला १२! पुढच्या वर्षी तो जवळजवळ शून्य होता, हेही सांगायला हवं.

आता जेनेरिककडे येऊ. इथे बहुतेकांचा घोळ होतो.

आपल्याकडे पेटंट संपलेलं औषध दोन वाटांनी येतं. एक वाट एमआरची. काळी बॅग घेऊन दवाखान्याबाहेर ताटकळणारी मुलं तुम्ही पाहिली असतील, आपल्याच लोकलमधून जातात ती. ब्रँडचं नाव डॉक्टरांच्या पेनापर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. दुसरी वाट म्हणजे कंपनीने एमआर न फिरवता माल थेट होलसेलरकडे टाकायचा. हा माल दुकानदाराला फार स्वस्त पडतो. पण पाकिटावर छापलेली किंमत बऱ्याचदा ब्रँडच्या आसपासच ठेवलेली असते. समजा दुकानदाराला स्ट्रिप १५ रुपयांना पडली आणि छापील किंमत ९० आहे. त्याने तुम्हाला ५० टक्के सूट देऊन ४५ ला दिली. तुम्ही खूश. त्याच्या गल्ल्यात ३० रुपये. ८० टक्के सूट परवडते ती अशी. म्हणून सुटीचा टक्का विचारू नका. एका गोळीला किती पडले, तेवढं मोजा.

जनऔषधी केंद्राचं गणित वेगळं आहे. तिथे छापील किंमतच कमी असते. २००८ मध्ये सुरू झालेली ही योजना बरीच वर्षं रखडली, आता देशभरात १५ हजारांवर केंद्रं आहेत. अडचण एकच, चिठ्ठीतल्या पाच औषधांपैकी तीन मिळतात आणि दोनसाठी पुन्हा स्टेशन रोड.

याच फटीत आपल्या ठाण्यातल्या एका मुलाने धंदा उभा केला. अर्जुन देशपांडे, जेनेरिक आधार. २०२० मध्ये रतन टाटांनी त्यात वैयक्तिक पैसे गुंतवले, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. माल थेट उत्पादकांकडून घ्यायचा आणि छोट्या मेडिकलवाल्यांना पुरवायचा, मधले थर गाळायचे. कौतुक आहेच. पण मधला एक थर गाळता येतो याचं एवढं नवल वाटावं, यावरून तो थर किती जाड होता ते कळतं.

मग डॉक्टर घटकाचं नावच का लिहीत नाहीत? ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तसा नियम काढला होता. तीन आठवड्यांत तो स्थगित झाला. डॉक्टर चिडले, आणि त्यांचा एक मुद्दा मला पटतो. मी ब्रँड लिहिला नाही तर ब्रँड निवडणार कोण? काउंटरवरचा माणूस. आणि तो ३० रुपयेवालीच स्ट्रिप पुढे सरकवणार. शिवाय दर्जाची भीती खोटी नाही. नागपूरच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे २०२४ मध्ये उघड झालं. मात्र ब्रँड लिहिला की दर्जा आपोआप येतो, हेही कुणी सांगू नये. दर्जा तपासणं हे एफडीएचं काम आहे, ते एमआरच्या बॅगेतून येत नाही.

किंमत खरी कोसळते ती स्पर्धा आली की. एम्पाग्लिफ्लोझिन हे शुगरचं औषध घ्या. पेटंट होतं तोवर एक गोळी ६० रुपयांच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं, आणि लगेच १० रुपयांच्या आतल्या गोळ्या बाजारात आल्या. औषध तेच. तुमच्या घरी कुणी हे घेत असेल आणि अजून जुनाच भाव देत असेल, तर आज रात्री पाकीट बघा.

मात्र मेडिकलवाल्याला परस्पर ‘दुसरी कंपनी दे’ म्हणू नका. डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड त्यांना न विचारता बदलायला त्याला कायद्याने मनाई आहे. पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांनाच विचारा, ‘हेच कंटेंट स्वस्तात चालेल का?’ बहुतेक डॉक्टर लिहून देतात. आईबाबा विचारायला संकोचतात, तुम्ही सोबत जा.

मोबाईलवर दोन ॲप ठेवा. ‘जनऔषधी सुगम’वर जवळचं केंद्र आणि भाव दिसतात. ‘फार्मा सही दाम’वर सरकारी कमाल किंमत दिसते. कुणी त्यापेक्षा जास्त छापून विकत असेल तर तिथूनच तक्रारीची सोय आहे. कंपनीकडून ती रक्कम व्याजासकट वसूल होते, पण जाते सरकारी तिजोरीत. तुमच्या खिशातून गेलेले पैसे तुम्हाला परत येत नाहीत. तरी बिल मागून घ्या. त्यावर बॅच नंबर असतो, आणि उद्या ती बॅच बाद ठरली तर तुमच्याकडे दाखवायला तोच एक कागद आहे.