मामाला सगळं ऐकू येत होतं

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज मण्यार सापाबद्दल बोलायचंय, आणि त्या निमित्ताने आपल्या चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात त्याबद्दल.

झालं असं, की तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझा मामा गावी खाली अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे उठला तो पोटात दुखतंय म्हणून. मामीने ओवा दिला. मग पापण्या खाली यायला लागल्या, जीभ जड झाली. शेजारचे म्हणाले, रात्री जास्त झाली असेल! सूज नाही, आग नाही, चावल्याची धड खूणही नाही. मण्यारचं हे असंच असतं. दवाखान्यात पोचेपर्यंत मामाचा श्वास संपत आला होता.

आता आत काय चाललं होतं ते बघू. मी इंजिनिअर, मला वाटायचं मेंदूपासून बोटापर्यंत सलग वायरिंग असेल. तसं नाहीये. पेशीच्या लांब तंतूतून विजेचा संदेश धावतो, वेगवान तंतूंत सेकंदाला 100 मीटरच्या आसपास. पण टोकाला फट असते. 20 ते 50 नॅनोमीटरची. काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्या असतात, पण बहुतेक ठिकाणी वीज ही फट ओलांडत नाही. टोकाला संदेश पोचला की कॅल्शियम आत शिरतं, तिथल्या बारीक पिशव्या फुटतात आणि त्यातलं रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या पेशीवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात. स्नायूंच्या बाबतीत हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते चिकटलं की स्नायू आखडतो, आणि लगेच एक एन्झाइम येऊन ते साफ करून टाकतं. नाहीतर पुढचा संदेश कळणार कसा?

हे रसायनाचं प्रकरण सिद्ध केलं ऑटो लोवीने, 1921 मध्ये, ऑस्ट्रियात. प्रयोग त्याला म्हणे स्वप्नात सुचला. रात्री उठून चिठ्ठी लिहिली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री परत सुचलं, तेव्हा तो तडक लॅबमध्ये गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची नस उत्तेजित करून ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. वायर नाही, काही नाही. 1936 मध्ये त्याला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं.

मण्यारचं विष नेमकं या फटीवर हल्ला करतं. मुख्यतः पाठवणारं टोकच निकामी करतं, आणि काही विषद्रव्यं पलीकडच्या रिसेप्टरवर ठाण मांडून बसतात. मेंदू 'श्वास घे' म्हणतोय, पण छातीच्या स्नायूंपर्यंत निरोपच जात नाही. प्रतिविष रक्तातलं विष पकडतं, पण तुटलेली टोकं जोडत नाही. ती पुन्हा उगवायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर व्हेंटिलेटर. म्हणून वेळ घालवायचा नाही. मांत्रिक नाही, ब्लेड नाही, करकचून दोरी नाही. 108 लावा आणि निघा.

आणि आता जे मला आजही छळतं ते. हे विष मेंदूत शिरत नाही. म्हणजे माणूस मेल्यासारखा पडलेला, डोळेही हलत नाहीत, पण आत पूर्ण जागा असू शकतो. तिथल्या एकाने मामाच्या उशाशी उभं राहून मामीला सांगितलं, "आता काही खरं नाही, नातेवाइकांना बोलावून घ्या." मामी रडली, पण त्याच्याशी बोलायची थांबली नाही. कुठल्या म्हशीने किती दूध दिलं, इथपर्यंत सगळं सांगायची.

सहाव्या दिवशी पायाचा अंगठा हलला.

आता मामा कॉटवर झोपतो, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. मागच्या गणपतीला मी गेलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय रे, माझ्या बुलेटचे किती येतील असं तू कोणाला फोनवर विचारत होतास?"