ओहायोकाठची दोन घरं

गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वाटा पाहायला अमेरिकेत जाणारा पाहुणा बहुधा आधी भुयार शोधतो. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ असं नाव ऐकल्यावर त्याचं तरी काय चुकलं? पण त्यात ना रूळ होते ना बोगदे. पळालेल्यांना लपवून उत्तरेला पोचवणाऱ्या माणसांचं ते जाळं होतं आणि बहुतेक काम परसदारी, अंधारात उरकायचं.

इंडियानातल्या फाउंटन सिटीत लेव्ही कॉफिन या क्वेकर व्यापाऱ्याचं 1839 मधलं विटांचं घर आहे. तिथं नजर खिळते ती तळघरातल्या विहिरीवर. पाहुणे वाढले की पाणी जास्त लागणार. अंगणातून घागरीवर घागरी भरताना शेजाऱ्यांना दिसलं की संशय आलाच! म्हणून पाण्याची सोय घरातच.

ओहायो राज्यातलं रिप्ले मात्र निवांत पाहावं. ओहायो नदीच्या या तीरावर मुक्त राज्य, पलीकडे केंटकी, म्हणजे गुलामांचा मुलूख. टेकडीवर जॉन रँकिन या पाद्र्याचं घर. खिडकीतला त्यांचा दिवा पैलतीरावरून दिसे, असं सांगतात. 1838 मध्ये एक बाई तान्हं मूल घेऊन गोठलेली नदी ओलांडून या घरी आली. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’मधली एलायझा तिच्यावरूनच सुचली, असं मानलं जातं. साहजिकच पर्यटक पायऱ्या चढून वर जातात, फोटो काढतात आणि निघतात.

खाली नदीलगत फ्रंट स्ट्रीटवर जॉन पार्कर यांचं घर आहे. खरं तर आधी तेच पाहावं. आठव्या वर्षी आईपासून तोडून विकलेल्या या माणसानं 1845 मध्ये स्वतःला विकत घेतलं, रिप्लेत लोखंडाचा ओतकारखाना काढला आणि आपल्या यंत्रांची पेटंटंही मिळवली. रात्री होडी घेऊन ते केंटकीत उतरत. एका जोडप्यानं पळू नये म्हणून मालक त्यांचं बाळ स्वतःच्या खोलीत निजवी. पार्कर त्या खोलीत शिरले, पलंगाच्या पायथ्याचं बाळ उचललं आणि पळाले. मागून गोळी सुटली. तिघंही नदीपार झाली.

सोडवलेल्यांची नावं ते वहीत टिपून ठेवत. पुढे पळालेल्या गुलामांविषयीचा 1850 चा कायदा आला. मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा 315 जणांची नोंद असलेली ती वही त्यांनी स्वतःच्या भट्टीत टाकली. या वाटांवर पुरावे विरळ का आणि दंतकथा भरमसाट का, हे इथं उमगतं.

ही लढाई पुण्यातही कुणी लक्ष देऊन पाहत होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना.

पार्करांनी 1880 च्या दशकात एका पत्रकाराला सांगितलेली कहाणी पुस्तकरूपानं आली 1996 मध्ये. रिप्लेला जाण्याआधी ती वाचावी, म्हणजे टेकडीवरून उतरल्यावर पावलं आपोआप फ्रंट स्ट्रीटकडे वळतील.