परिवीक्षा अधिकाऱ्याचें काम
(नभोवाणीवरील भाषण)

गुन्हा केला कीं तुरुंग, हें समीकरण आपल्या मनांत इतकें पक्कें बसलेलें असतें कीं, एकाद्या चोराला न्यायाधीशांनीं शिक्षा न देतां घरीं पाठविलें असें ऐकलें म्हणजे आपणांस वाटतें, तो सुटला. वस्तुतः तो सुटत नाहीं. त्याच्यावर नजर ठेवण्याचें, आणि त्याहून कठीण म्हणजे त्याचा हात धरण्याचें काम कोणाच्या तरी अंगावर पडतें. ह्या कामाला इंग्रजींत प्रोबेशन म्हणतात. आपल्या सरकारी मराठींत परिवीक्षा. हें काम मी बरींच वर्षें केलें असल्यामुळें त्याविषयींच आज चार शब्द सांगणार आहें.

ह्या पद्धतीचा उगम कोणा कायदेपंडिताच्या ग्रंथांत नसून एका जोडे शिवणाऱ्याच्या दयाबुद्धींत आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा गृहस्थ हा धंदा करीत असे. १८४१ सालीं तो पोलिस कोर्टांत बसला असतां एका दारूबाजाला तेथें आणण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याला जामीन राहून दारू सोडण्याचें वचन घेतलें, आणि तीन आठवड्यांनीं त्याला पुन्हां न्यायाधीशापुढें उभें केलें. माणूस ओळखूं येऊं नये इतका पालटला होता. त्याला नांवापुरता एक सेंट दंड झाला. पुढें १८५९ सालीं मृत्यु येईपर्यंत ऑगस्टसनें सुमारें दोन हजार माणसांना असा आधार दिला. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १८७८ सालीं कायदा करून पगारी अधिकाऱ्याची सोय केली; इंग्लंडनें १९०७ सालीं. आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडानें १९३६ मध्यें आणि मुंबई इलाख्यानें १९३८ मध्यें असे कायदे केले. पुढें १९५८ सालीं देशाचा कायदा झाला, आणि तोच आजहि चालू आहे.

त्याचें सार थोडक्यांत असें. ज्या गुन्ह्याला फांशी किंवा जन्मठेप नाहीं, तेथें गुन्हेगाराचें वय, स्वभाव व गुन्ह्याची परिस्थिति पाहून न्यायालय त्याला शिक्षा न देतां जास्तींत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडूं शकतें. गुन्हेगार एकवीस वर्षांच्या आंतील असेल, तर त्याला तुरुंगांत पाठवितांना न्यायाधीशाला आपलीं कारणें लिहून ठेवावीं लागतात. आणि तत्पूर्वीं परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. हा अहवाल गोपनीय असतो. ज्याचें नुकसान झालें त्याला भरपाई देववण्याचा अधिकारहि न्यायालयाला आहे. तेव्हां ही दया फिर्यादीच्या खर्चानें दाखविली जाते, असें म्हणतां येणार नाहीं.

आतां अहवाल म्हणजे काय, तें एका उदाहरणानें सांगतों. एकोणीस वर्षांचा एक मुलगा एका सुखवस्तु कुटुंबांत घरकामाला होता. त्यानें मालकांचें मनगटी घड्याळ चोरलें आणि गहाण टाकलें. गुन्हा त्यानें कबूल केला. पोलिसांच्या कागदांत एवढेंच होतें. मी त्याच्या खोलीवर गेलों, शेजाऱ्यांशीं बोललों, गांवीं त्याच्या थोरल्या भावाला भेटलों, आणि अखेरीस मालकांच्या घरीं गेलों. तेथें चहा घेतां घेतां सहज कळलें कीं, मुलगा पळून जाऊं नये म्हणून त्याचा तीन महिन्यांचा पगार त्यांनीं ‘जमा’ ठेवला होता. घड्याळावर त्याला मिळालेली रक्कम त्या पगाराहून कमी होती! बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या ओळखींतल्या सर्व घरांत हाच रिवाज होता.

मीं अहवालांत दोन्ही गोष्टी लिहिल्या. थकलेल्या पगारानें चोरी ही चोरीच राहते. परंतु ती कोणत्या जमिनींत उगवली हें न्यायाधीशाला ठाऊक असलें पाहिजे. मुलगा दोन वर्षांच्या बंधपत्रावर सुटला, आणि माझें खरें काम तेथून सुरू झालें.

ह्या कामांत एकच माणूस मित्रहि असतो आणि पहारेकरीहि असतो. दर पंधरवड्यानें मुलानें माझ्याकडे यावयाचें, मन मोकळें करावयाचें. आणि त्यानें अट मोडली तर मींच न्यायालयाला कळवावयाचें! मग न्यायालय पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करूं शकतें, अथवा मूळ गुन्ह्याची शिक्षाहि देऊं शकतें. आठव्या महिन्यांत हा मुलगा दोन पाळ्या आला नाहीं. मी शोध काढला. एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यांत त्याला मोठ्या मिनतवारीनें काम मिळालें होतें. माझ्याकडे येण्यासाठीं दुपारची सुटी मागावयाची, तर कारण सांगावें लागणार. आणि कारण सांगितलें तर काम जाणार, ह्या भीतीनें तो आला नव्हता. मीं घडलेली हकीकत न्यायालयाला जशीच्या तशी कळविली, आणि भेटीची वेळ रात्रीची करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. उरलेल्या मुदतींत त्यानें एकहि भेट चुकविली नाहीं.

श्रोतेहो, त्या मुलाची ही भीति अनाठायीं होती काय? कायदा स्पष्ट म्हणतो कीं, अशा रीतीनें सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळें येणारी कायदेशीर अपात्रता लागूं नये. पण कायद्याची सत्ता न्यायालयाच्या पायरीपर्यंत. तुमच्या माझ्या उंबरठ्याच्या आंत ती चालत नाहीं. मीं ज्यांच्याकडे ह्या मुलासाठीं शब्द टाकला, त्या सातांपैकीं सहा जणांनीं माझें म्हणणें मोठ्या सौजन्यानें ऐकून घेतलें. ‘कल्पना फार उत्तम आहे,’ ते म्हणाले, ‘पण आमच्याकडे नको.’ सातव्यानें मात्र एकच प्रश्न विचारला: ‘सकाळीं वेळेवर येईल ना?’ माझ्या मतें दोन वर्षांच्या माझ्या देखरेखीहून त्या एका प्रश्नानें अधिक काम केलें.

सर्वच गुन्हेगार सुधारतात असें मी म्हणत नाहीं. कांहीं पुन्हां चोरी करतात, आणि त्यांच्याविरुद्ध अहवाल पाठवितांना माझा हात थांबलेला नाहीं. सराईत गुन्हेगारासाठीं ही वाटच नव्हे. परंतु पहिल्यांदाच पाय घसरलेल्या कोवळ्या मुलाला तुरुंगांत घातलें, तर त्याला तेथें गुरु भेटतात, आणि बाहेर आल्यावर ओळखीचीं दारें तेवढीं त्याच गुरूंचीं उघडीं राहतात.

म्हणून आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांकडे माझें मागणें साधें आहे. नोकराचा पगार ठरल्या तारखेला त्याच्या हातीं द्या; तो अडकवून ठेवूं नका. आपल्या घरीं चोरी झाली तर फिर्याद अवश्य करा. परंतु आमच्यापैकीं कोणी चौकशीला आला तर त्याला खरें तें सर्व सांगा, स्वतःला अडचणीचें असलें तरी. आणि बंधपत्राची मुदत नीट पुरी केलेला कोणी आपल्या दारीं काम मागावयास आला, तर ‘आमच्याकडे नको’ म्हणण्यापूर्वीं, तो सकाळीं वेळेवर येईल कीं नाहीं, एवढें तरी विचारा.