जिथे उणीव, तिथे जीवनसत्त्व

आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. न्यूमोनियाने किंवा जखम चिघळून दगावणारी कितीतरी माणसं या औषधाने वाचली. आजार आहे म्हणजे त्यावर गोळी असणारच, अशी खात्री आपल्या मनात बसली ती अशा औषधांमुळे. पण पेनिसिलिन मारतं ते जिवाणूंना. सर्दी, फ्लू, गोवर, कोविड हे आजार विषाणूंचे, आणि विषाणूंवर प्रतिजैविकं चालत नाहीत. फ्लू आणि कोविडसाठी आता काही औषधं आहेत. ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात. साध्या सर्दीच्या विषाणूला मारणारी गोळी मात्र अजूनही नाही. तिथे शरीराला स्वतःच लढावं लागतं.

मार्च 2020 मध्ये राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले, पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही. मग मोशी, भोसरी, चाकण, जिथे जावं तिथे मेडिकलमध्ये क जीवनसत्त्वाच्या आणि झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्यांची मागणी सुरू झाली. तेव्हाची भीती खरी होती. ती सवय मात्र अनेक घरांत राहून गेली. पाऊस सुरू झाला की गोळ्यांची बाटली आणायची, मुलाला शिंका आल्या की त्याला त्यातली एक द्यायची. म्हणून या गोळ्यांनी नेमकं काय होतं, ते आज पाहू.

अ जीवनसत्त्व नाकापासून फुप्फुसापर्यंतचं आतलं अस्तर शाबूत ठेवतं. विषाणू आधी तिथेच चिकटतो. क जीवनसत्त्व पांढऱ्या पेशींना बळ देतं. ड जीवनसत्त्वामुळे पेशी जंतुनाशक द्रव्यं तयार करतात. विषाणू ओळखून त्यावर चाल करणाऱ्या पेशी जस्ताशिवाय नीट तयार होत नाहीत, आणि लोह कमी असेल तर त्या पेशींची वाढ मंदावते. यातलं काहीही कमी पडलं, तर आजार जास्त जोराने पकडू शकतो.

आता पोटात पुरेसं जात असताना वरून गोळ्या घेतल्या तर? क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 साली प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेऊनही सर्वसामान्य माणसांच्या सर्दीची संख्या घटली नाही. मोठ्या माणसांची सर्दी साधारण 8 टक्क्यांनी लवकर आटोपली, एवढंच. आणि सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली, तर भरवशाचा फायदा दिसला नाही. घरीच उपचार घेणाऱ्या कोविड रुग्णांना क जीवनसत्त्व आणि जस्त मोठ्या प्रमाणात देऊन अमेरिकेत तपासणी झाली. 2021 साली तिचा निष्कर्ष आला: आजार त्यामुळे लवकर बरा झाला नाही.

याच्या अगदी उलट अनुभव अ जीवनसत्त्वाचा. 1970 आणि 1980 च्या दशकांत डॉ. आल्फ्रेड सॉमर इंडोनेशियात मुलांच्या रातांधळेपणाचा अभ्यास करत होते. अ जीवनसत्त्व कमी असलेली मुलं नुसती डोळ्यांनी अधू होत नव्हती, ती इतरांपेक्षा जास्त संख्येने दगावतही होती. सहा-सहा महिन्यांनी डोस दिल्यावर तिथले बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मुलांच्या अंगात अ जीवनसत्त्वाची उणीव होती, त्यांना हवं ते मिळालं, म्हणून ती वाचली. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीत आहे. उणीव असेल तिथे जीवनसत्त्व जीव वाचवतं. उणीव नसेल तिथे जास्तीच्या गोळीने फार काही पदरात पडत नाही.

आणि उणीव आपल्याकडे आहे, श्रोतेहो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळजवळ 69 टक्के मुलं आणि 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या, आणि रक्तक्षयाचं एक मोठं कारण म्हणजे लोहाची उणीव. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवरची साथ आली, तेव्हा मोशीच्या शेजारी कुदळवाडीतही गोवरचे रुग्ण निघाले. गोवर शरीरातला अ जीवनसत्त्वाचा साठा ओरबाडून नेतो. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस या जीवनसत्त्वाचा डोस देण्याची शिफारस आहे.

चाकणला नाईट शिफ्ट करून दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या अंगावर ऊन पडतं कधी? कॉट बेसिसवर राहणारी, गावाकडून आलेली मुलं एक वेळ मेसला जेवतात आणि दुसरी वेळ वडापाव-चहावर काढतात. त्यांच्या पोटात फळ किती दिवसांनी जातं? यांच्यासाठी मला सांगायचंय. ड जीवनसत्त्वासाठी सुट्टीच्या दिवशी उन्हात अर्धा तास चाला. सतत थकवा, अंगदुखी असेल तर मनाने गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसांनी बी-12 जीवनसत्त्व सुद्धा तपासावं.

मोशीच्या उपबाजारात भाजीपाला येतो, तो आपल्या डब्यात यायला हवा. एका पेरूत किंवा एका आवळ्यात दिवसभर पुरेल इतकं क जीवनसत्त्व असतं. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई यांतून अ जीवनसत्त्व मिळतं. बाजरी, तीळ, अंडी यांतून जस्त मिळतं. मटकीला मोड आणले की तिच्यातलं लोह आणि जस्त अंगी जास्त लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्या, कारण चहा लोह शोषू देत नाही.

जास्तीच्या गोळ्यांनी अपायही होतो. जस्त फार काळ जास्त घेतलं तर तांबं कमी पडतं. ड जीवनसत्त्व अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आणि धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध पीत नसेल, तर जीवनसत्त्वांचा विचारही नको, थेट दवाखाना गाठा.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. तुमच्या बाळाचं लसीकरण कार्ड आजच काढून बघा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि तिच्याबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, दीड वर्षाच्या सुमारास दोन्हींचा दुसरा, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्व, असे त्याचे एकूण नऊ डोस. हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. घर बदलताना, गाव सोडून इकडे येताना हे डोस हमखास चुकतात. कार्डावर एखादा रकाना रिकामा दिसला, तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना या आठवड्यातच गाठा. भाड्याची खोली असो, गाव कुठलंही असो, त्या डोसावर तुमच्या बाळाचा पूर्ण हक्क आहे.