भोंगा आणि ताळा



शाळेत असताना गिरणीचा भोंगा झाला की आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाबा घरी परतायचे. गिरणी बंद पडल्यावर त्या घरांचं काय झालं, हे आपण पाहिलंय. म्हणून ‘कारखाने परत आणा’ असं कुणी म्हटलं की मलाही बरं वाटतं.

पण मी राहते त्या अमेरिकेचाच हिशेब पाहा. २०१८ मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर जादा आयात शुल्क लागलं. सॅमसंग आणि एलजीचे कारखाने तिथे सुरू झाले. अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार सुमारे १,८०० रोजगार वाढले, पण मशीन जवळपास १२ टक्क्यांनी महागलं. सोबत विकला जाणारा ड्रायर, ज्यावर हे शुल्क नव्हतं, तोही महागला. एका रोजगारामागे ग्राहकांना वर्षाला आठ लाखांवर डॉलर मोजावे लागले.

मी कारखान्यांसाठीच सॉफ्टवेअर लिहिते. नव्या कारखान्यात पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत, त्यात माझाही हात आहे. म्हणून कारखाना आला की मी विचारते : पगार किती? नवं काम कोण शिकवणार? वाढीव किंमत कोण भरणार?

गणिताच्या बाई म्हणायच्या, उत्तर आवडलं तरी ताळा करून पाहा. बाई, अजून करते.