दीड पाव टोमॅटो आणि नववीचं गणित

मी रायपूरहून बोलते आहे. भनपुरीतल्या एका सरकारी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. नोकरीचं हे दुसरंच वर्ष. छत्तीसगडमध्ये नववी ते बारावी शिकवणाऱ्याच्या पदाला 'व्याख्याता' म्हणतात. कागदावर ते भारदस्त दिसतं, पण नववीला व्याख्यान दिलं तर निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतो!

भनपुरी तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर. शेजारी बिरगाव आणि उरला. लोखंडाचे कारखाने, गोदामं, दिवसरात्र ट्रक. माझ्या मुलांचे आईवडील कारखान्यात, हमालीत, नाहीतर भाजीच्या गाडीवर. घरी कुणी छत्तीसगढी बोलतं, कुणी ओडिया, कुणी भोजपुरी. पुस्तक मात्र हिंदीत.

मला यात परकं वाटत नाही, कारण माझ्या घरी मराठी. 1854 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे रायपुरात मराठी घरं जुनी आहेत. माधवराव सप्रे अशाच मराठी घरातले. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. घरात एक भाषा आणि कामाला दुसरी, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शाळेत मी हिंदीतून शिकले, पण हिशेब शिकले आजीकडून, मराठीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तेव्हा तो जाच वाटायचा. आज माझी नोकरी त्यावर चालते.

ते कसं, सांगते. नववीत आलेल्या बऱ्याच मुलांना अपूर्णांक येत नाहीत, असं चाचणीत दिसतं. दीड गुणिले एक चतुर्थांश लिहिलं की पेन थांबतं. त्याच वर्गातली एक मुलगी संध्याकाळी आईच्या गाडीवर भाजी तोलते. तिला मी विचारलं, टोमॅटो चाळीस रुपये किलो, 'डेढ़ पाव' दिले तर किती घेशील? तिनं श्वास घेण्याआधी सांगितलं, पंधरा. कसे? पावाचे दहा, अर्ध्या पावाचे पाच. आता दीड पाव म्हणजे दीड गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे तीन अष्टमांश किलो, आणि चाळीसचे तीन अष्टमांश पंधराच होतात. म्हणजे अपूर्णांक तिला येत होता. त्याचं कागदावरचं रूप ओळखीचं नव्हतं. ती ओळख करून देणं हे माझं काम.

म्हणून तास सुरू होताना पंधरा मिनिटं मी फक्त 'कसं काढलंस?' एवढंच विचारते. उत्तर ज्या भाषेत येईल त्या भाषेत चालतं. फळ्यावर आधी त्यांचा हिशेब जातो, मग त्याच्याखाली पुस्तकातली मांडणी. धानाच्या मापाचंही तसंच. इथे वीस काठे म्हणजे एक खांडी. आपल्याकडे वीस मण म्हणजे एक खंडी. वीसचं नातं तेच, धान्य मात्र कितीतरी वेगळं. गुणोत्तर आणि परिमाण यांतला फरक समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

सहकारी म्हणतात, रोजची पंधरा मिनिटं गेली तर अभ्यासक्रम कधी संपवणार? आक्षेप खरा आहे. दहावीला बोर्ड आहे आणि पेपर कुणी छत्तीसगढीत काढणार नाही. पण नववी ही नाजूक जागा आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला, आठवीपर्यंत हमी देतो. नववीत ती संपते. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे, तरी हलकी-सलकी कामं रस्त्यापलीकडेच मिळतात. 'मला गणित जमत नाही' असं ज्यानं मनात ठरवलं, त्याला तो रस्ता ओलांडायला निमित्त पुरतं. अभ्यासक्रम मी शनिवारी जादा तास घेऊन भरून काढते. तो मुलगा मात्र जादा तासानं परत येत नाही.

आणि बाजारातलं गणित सगळीकडे पुरतं असंही मी म्हणत नाही. ऋण संख्या उधारीच्या वहीनं समजतात, पण ऋण गुणिले ऋण आलं की वही मिटावी लागते. पुढच्या आठवड्यात दोनचं वर्गमूळ आहे. ते कुठल्याच तागडीत सापडत नाही. त्यासाठी एका मुलाच्या वडिलांकडून, ते फरशी बसवतात, एक फूट बाय एक फूट फरशी मागवली आहे. तिचा कर्ण मुलं मोजतील. सतरा इंचाच्या किंचित अलीकडे येईल. मग मी विचारणार आहे, नक्की किती? आणि पट्टी फिरत राहील.